बियाणे उगवले नाही, व्यापाऱ्याने पैसे थकवले : तक्रार कोठे, कशी आणि किती दिवसांत?

सोयाबीन पेरून आठ दिवस झाले. शेजारच्या शेतात तासे दिसू लागली, आपल्या शेतात मात्र दोन-दोन हातांवर एखादे रोप. दुकानदार म्हणतो, 'पाऊस कमी झाला असेल.' कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो, 'खोल पेरले असेल.' जमिनीत वापसा आहे तोवर दुबार पेरणी उरकायची घाई असते, आणि त्या घाईत शेत मोडले की तक्रारीचा पुरावाही मातीत जातो. दरवर्षी जून-जुलैमध्ये हा प्रसंग कुठे ना कुठे घडतो. खरीप २०२० मध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती.

दुसरा प्रसंग हंगामाच्या शेवटी येतो. व्यापारी बागेत येतो, दर ठरतो, माल भरला जातो, पहिल्या गाडीचे पैसे मिळतात आणि उरलेल्या चार गाड्यांचे पैसे 'पुढच्या आठवड्यात' यायचे असतात. तो आठवडा काही येत नाही.

दोन्ही ठिकाणी फसवणूक झाल्याची भावना सारखीच असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या वाटा आहेत. वाट चुकली की वर्ष-दोन वर्षे वाया जातात. त्यामुळे आधी हा फरक समजून घेऊ.

पैसे देणारे तुम्ही, की पैसे घेणारे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (अंमल २० जुलै २०२० पासून) हा पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेणाऱ्यासाठी आहे. बियाणे, खते, कीटकनाशके, रोपे, ठिबक संच, मोटार, पीक विमा, शीतगृहातील साठवण यांत पैसे तुम्ही देता, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. माल उधारीवर घेतला असला तरी फरक पडत नाही, कारण 'पैसे दिले किंवा देण्याचे कबूल केले' असे कायद्याचेच शब्द आहेत. बिल वडिलांच्या नावावर आणि शेत मुलगा कसतो, तरीही अडचण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा ग्राहकच असतो. पीक प्रात्यक्षिकासाठी पूर्णपणे मोफत मिळालेले बियाणे मात्र यात बसवणे अवघड.

द्राक्षे, कांदा, टोमॅटो व्यापाऱ्याला विकला, तर तेथे तुम्ही विक्रेते आहात. विक्रेत्याचे थकलेले पैसे वसूल करून देणे हे ग्राहक आयोगाचे काम नाही. त्यासाठी भारतीय करार कायदा १८७२, माल विक्री कायदा १९३०, धनादेशाचा कायदा आणि बाजार समितीचे नियम आहेत. ही वाट लेखाच्या उत्तरार्धात पाहू.

'शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही' असे कंपनी म्हणाली तर?

ही जुनी हरकत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिचा निकाल केव्हाच लावला आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात (जानेवारी २०१२) आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी सदोष बियाण्यांबद्दल भरपाई मागितली होती. महामंडळाचे म्हणणे तीन मुद्द्यांवर होते : बियाणे कायदा वेगळा असल्याने ग्राहक मंचाकडे येता येत नाही, करारात लवादाची अट आहे, आणि हे शेतकरी बिजोत्पादन करून माल महामंडळालाच विकणार होते म्हणून ही खरेदी व्यापारी हेतूची आहे. न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी उपजीविकेसाठी शेती करतो, त्यामुळे तो ग्राहक आहे. लवादाच्या अटीमुळे ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, म्हणून तक्रार फेटाळा' हा कंपन्यांचा आवडता युक्तिवाद. यावर न्यायालयाचे म्हणणे असे, की शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरतो. पुढे तक्रार करावी लागेल म्हणून मूठभर बाजूला काढून ठेवेल, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. कंपनीला आपल्या बियाण्याबद्दल खात्री असेल तर त्याच लॉटचा नमुना तिने आयोगापुढे आणावा.

शीतगृहाच्या बाबतीतही असाच निकाल आहे. कर्नाटकात ब्याडगी येथील शीतगृहाला जानेवारी २०१४ मध्ये आग लागली आणि शेतकऱ्यांनी ठेवलेली मिरची जळाली. विमा शीतगृहाने उतरवलेला होता. शेतकरी आमचे ग्राहकच नाहीत, असे विमा कंपनी म्हणाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांना ग्राहक मानले. बेदाणा, हळद, मिरची शीतगृहात ठेवणाऱ्यांनी माल ठेवल्याची पावती आणि तीवरील विम्याचा उल्लेख का जपायचा, हे यातून कळते.

बियाणे उगवले नाही, तर पहिल्या आठ दिवसांत काय करावे?

खरी लढाई येथेच जिंकली किंवा हरली जाते. वकील, आयोग, सुनावणी हे सगळे नंतरचे.

पेरणीनंतर सात-आठ दिवसांत उगवण विरळ दिसली, की त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्यावी. फोनवर सांगितले, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, एवढ्यावर थांबू नये. अर्जात गट क्रमांक, पेरणीची तारीख, पेरलेले क्षेत्र, वाण, लॉट क्रमांक, दुकानाचे नाव, बिलाचा क्रमांक आणि किती पिशव्या पेरल्या हे लिहावे. बियाणे उपचार कशाने केला, पेरणी ट्रॅक्टरने केली की तिफणीने, तणनाशक मारले का, हेही लिहावे. या गोष्टी पुढे विचारल्या जाणारच असतात, आणि आधी लिहिलेल्या उत्तराचे वजन जास्त असते.

तक्रार आल्यावर तालुकास्तरीय बियाणे तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करते. उपविभागीय कृषी अधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तिच्यात कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ आणि महाबीजचे प्रतिनिधी असतात, तर पंचायत समितीचे कृषी अधिकारी सदस्य सचिव म्हणून काम पाहतात. पाहणीच्या वेळी कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावले पाहिजे. बोलावल्याचा लेखी पुरावा असेल, तर तो आला नाही तरी चालते. पण बोलावलेच नसेल, तर 'आमच्या माघारी पंचनामा केला' हे वाक्य आयोगापुढे हमखास येते. अर्जाची एक प्रत कंपनीला आणि दुकानदाराला आपण स्वतः स्पीड पोस्टाने पाठवावी.

आता दुबार पेरणीचा प्रश्न. समितीची वाट पाहत वापसा घालवायचा, की पुरावा घालवून पेरणी करायची? कागदावर सोपे वाटणारे उत्तर शेतात सोपे नसते. माझे मत असे, की पूर्ण शेत राखून ठेवण्याच्या हट्टाने हंगाम गमावू नये. तीन एकरांपैकी चार-सहा तासांचा एक सलग पट्टा, तोही सरासरी उगवणीचा, न मोडता ठेवावा आणि बाकीचे पेरून घ्यावे. मोडण्यापूर्वी दोन शेजाऱ्यांना आणि शक्य असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलावून साधा पंचनामा लिहावा. शेतात पाच-सहा ठिकाणी एक मीटर तासातील रोपे मोजून आकडे लिहावेत, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मोबाईलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढावेत. एखाद्या फोटोत तास उकरून न उगवलेले बी दाखवावे. बी कुजले आहे, फुगून तसेच राहिले आहे, की मोड येऊन कवचाखाली अडकले आहे, यावरून तज्ज्ञाला कारण कळते. सोयाबीनचे कवच पातळ असते. मळणी यंत्राचा मार आणि पिशव्यांची आदळआपट यांनी त्याची उगवणशक्ती जाते, आणि असे मार लागलेले बी बहुधा जमिनीत फुगून कुजते.

त्याच दिवशी, त्याच रानात दुसऱ्या कंपनीचे किंवा दुसऱ्या लॉटचे बियाणे पेरले असेल आणि ते चांगले उगवले असेल, तर तो फोटो सगळ्यात मोलाचा. पाऊस, खोली, जमीन ही सर्व कारणे त्या एका फोटोने बाजूला पडतात.

पेरून उरलेले बियाणे किंवा न फोडलेली पिशवी असेल तर ती फोडू नये. बियाणे नियम १९६८ मधील नियम २३-अ नुसार, सदोष बियाण्यामुळे पीक फसल्याची लेखी तक्रार आली की बियाणे निरीक्षकाने लेबल, पिशवी आणि उरलेल्या बियाण्याचा नमुना शक्य तेवढा ताब्यात घ्यायचा असतो. त्या लॉटचा नमुना तपासणीस पाठवून कारणांचा शोध घेणे हे त्याचे काम आहे. राज्यात पुणे, नागपूर आणि परभणी येथे बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. अर्जात या नियमाचा उल्लेख करावा. उल्लेख असला की फाईल हलते, असा अनुभव आहे.

अहवालात काय लिहिले आहे, ते वाचा

हा भाग मुख्यतः समितीवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे. 'उगवण ३० टक्के आढळली' एवढेच लिहून अहवाल संपला, तर तो शेतकऱ्याच्या फारसा कामी येत नाही. उगवण कमी आहे हे कंपनीही नाकारत नाही. ती कशामुळे कमी आहे, हा वाद असतो. हरियाणा बियाणे विकास महामंडळाच्या २००५ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल शेतकऱ्यांच्या विरोधात दिला. पाहणी अहवालात बियाणे निकृष्ट असल्याचे कुठे म्हटलेले नव्हते, आणि पाण्याची प्रत, पावसाचा खंड, जमिनीतील क्षार यांमुळेही पीक असे दिसू शकते, असे त्यामागचे कारण होते.

म्हणून अहवालात प्रत्येक शक्यता घेऊन ती का लागू होते किंवा होत नाही, हे लिहावे. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाला होता का (महसूल मंडळातील महावेध केंद्राची नोंद जोडावी), पेरणीची खोली तीन ते पाच सें.मी.मध्ये होती का, पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर पापडी धरली का, बियाणे उपचार आणि तणनाशक योग्य होते का, शेजारच्या शेतात दुसऱ्या लॉटची उगवण किती. आणि शेवटी स्पष्ट निष्कर्ष : दोष बियाण्यात आहे, नाही, किंवा सांगता येत नाही. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हा निष्कर्ष नव्हे. अहवालाची प्रत शेतकऱ्याला मागावी न लागता द्यावी. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दरवेळी दोष बियाण्याचाच असतो असे नाही. अपुऱ्या ओलीवर धूळपेरणी करून किंवा बी सात-आठ सें.मी. खोल टाकून कंपनीला दोष दिला, तर अशा तक्रारी फेटाळल्या जातात आणि खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही कमी होतो. पेरणीपूर्वी घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहण्याची सवय येथे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. दाणे ७० पेक्षा कमी उगवले तर पेरणी न करताच तक्रार करता येते, आणि नुकसान फक्त पिशवीपुरते राहते.

बिल, पिशवी, लेबल : नसेल तर?

बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते, पण मरत नाही. ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, दुकानदाराच्या उधारीच्या वहीचा फोटो, पिशवी, लेबल यांवरूनही खरेदी दाखवता येते. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यात स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. 'बिल घेतले तर कर लागेल' असे कोणी म्हणाले, तर पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही हे त्याला सांगावे. बिलावर वाण आणि लॉट क्रमांक लिहिलेला आहे का, तो पिशवीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे दुकानातच पाहावे. 'सोयाबीन बॅग ३ नग' असे बिल निम्मेच कामाचे.

पिशवीला टॅग असलेल्या बाजूने न फोडता खालून फोडावी आणि टॅगसह ठेवून द्यावी. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद वेळेत करावी, कारण त्या गटात ते पीक होते हे सातबाऱ्यावरूनच दिसते.

पिशवीवर 'कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती मर्यादित' किंवा 'वाद अमुक शहराच्या न्यायालयातच' असे बारीक अक्षरात छापलेले असते. ते वाचून माघार घेऊ नये. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि जबाबदारी किती हे आयोग ठरवतो, पिशवी नाही.

कापसाच्या बियाण्यासाठी महाराष्ट्रात २००९ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे. २०१७ च्या गुलाबी बोंड अळीच्या वेळी शेतकऱ्यांनी भरलेले 'जी' नमुन्याचे अर्ज याच कायद्याखालचे होते.

ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी? खर्च किती?

जिल्हा आयोगात जायचे की राज्य आयोगात, हे तुम्ही वस्तूसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. फीसुद्धा याच रकमेवर ठरते : पाच लाखांपर्यंत काहीही नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. म्हणजे नऊ हजारांचे बियाणे घेऊन दोन लाखांची भरपाई मागितली, तरी फी शून्य.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उशिराचे सबळ कारण पटले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. वकील असलाच पाहिजे असे नाही. तक्रार मराठीत लिहिता येते. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. किरकोळ वाद कधी कधी तेथूनच मिटतात.

तक्रारीत कंपनी आणि दुकानदार या दोघांनाही सामनेवाले करावे. 'मी तर बंद पिशवी विकली' हा दुकानदाराचा बचाव अनेकदा मान्य होतो. तरीही, बिल कोणाचे आणि माल कोठून आला, हे ठरायला तो समोर असावा लागतो.

भरपाई किती मागावी? 'पाच लाख द्या' असे ढोबळ मागणे हे तक्रार कमकुवत करण्याचा उत्तम उपाय. हिशेब असा मांडावा. समजा तीन एकर पेरले. वाया गेलेले बियाणे, खत, पेरणीचा आणि बियाणे उपचाराचा खर्च बिलांसह लिहावा. अपेक्षित उत्पादनासाठी आपल्या मंडळातील पीक कापणी प्रयोगाचा सरासरी आकडा घ्यावा, भावासाठी त्या काळातील बाजार समितीच्या दराचा दाखला. त्यातून न झालेला काढणी-मळणीचा खर्च वजा करावा. दुबार पेरणीतून काही पिकले असेल तर तेही वजा करावे. ही वजाबाकी स्वतःहून केलेली दिसली की उरलेल्या आकड्यावर विश्वास बसतो. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागावा.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, एक-दोन हंगाम सहज जातात. हे आधीच माहीत असलेले बरे. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीने राज्य आयोगात अपील केले, तर तिला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर कारावासाची तरतूद आहे.

कृषी विभागाने कंपनीवर खटला भरला म्हणजे भरपाई मिळेल, असा समज अनेकांचा असतो. तसे नाही. तो खटला सरकार विरुद्ध कंपनी असतो. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड ५०० रुपयांपर्यंतचा, आणि तोही सरकारजमा. भरपाईसाठी स्वतंत्र तक्रार करावीच लागते.

व्यापाऱ्याशी तोंडी सौदा झाला. तो करार ठरतो का?

ठरतो. करार कायदा १८७२ नुसार माल विक्रीचा तोंडी करारही बंधनकारक असतो. अडचण फक्त एकच, तो सिद्ध करायचा कसा? बागेत तीन माणसे होती. त्यांपैकी एक व्यापारी, एक त्याचा दलाल आणि तिसरे तुम्ही.

म्हणून विसार घेताना साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : कोणता प्लॉट, किलोचा दर, प्रत कशी ठरेल, तोडणी कोणत्या तारखेपर्यंत, पैसे माल भरल्यापासून किती दिवसांत, आणि दर पडला म्हणून माल सोडला तर विसाराचे काय. खाली दोघांच्या सह्या आणि व्यापाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत. जीएसटी क्रमांक असेल तर तोही. व्यापारी सही करायला कां कूं करतो, हीच मोठी माहिती आहे. तेवढेही जमत नसेल तर सौदा झाल्यावर लगेच त्याला व्हॉट्सॲपवर लिहावे, 'आज ठरल्याप्रमाणे दर अमुक, पैसे अमुक दिवसांत.' त्याचे 'हो' किंवा नुसता अंगठाही पुढे उपयोगी पडतो. न्यायालयात असे संदेश दाखवताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे ते संदेश पुसू नयेत, मोबाईल विकू नये.

माल जाताना प्रत्येक गाडीची काटापावती घ्यावी, गाडीचा क्रमांक आणि क्रेटची संख्या लिहून चालकाची किंवा मुकादमाची सही घ्यावी. द्राक्ष पट्ट्यात, नाशिक असो की तासगाव, पैसे बुडण्याची कहाणी बहुधा एकाच ठिकाणी अडते : पहिली गाडी रोख, दुसरी निम्मी, पुढच्या सगळ्या भरवशावर. आधीच्या गाडीचे पैसे जमा झाल्याशिवाय पुढची गाडी भरू द्यायची नाही, हे पाळणे कठीण आहे. माल झाडावर थांबत नाही. पण ज्यांनी पाळले त्यांचे एका गाडीपेक्षा जास्त बुडाले नाही.

पैसे थकले. आता?

बाजार समितीच्या आवारात परवानाधारक अडत्या-व्यापाऱ्याला माल विकला असेल, तर हिशेबपट्टी जोडून समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. समितीने दाद दिली नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे जावे. परवान्याला हात लागेल या भीतीने पैसे निघतात. बांधावर विकलेल्या मालाला हा आधार नसतो. फळे-भाजीपाला २०१६ मध्ये आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, तेव्हापासून बांधावरची विक्री सोपी झाली आणि वसुली अवघड.

धनादेश दिला असेल आणि तो वटला नाही, तर कायद्याचे घड्याळ फार वेगाने चालते. एक उदाहरण घेऊ. १ मार्चचा धनादेश. तो तीन महिन्यांच्या आत बँकेत भरला पाहिजे. न वटल्याचा कागद बँकेने १० मार्चला दिला, तर तेव्हापासून ३० दिवसांत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत लेखी नोटीस पाठवली पाहिजे. नोटीस व्यापाऱ्याला १५ एप्रिलला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत. तरीही दिले नाहीत, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात फिर्याद. 'पुन्हा भरून बघा, या वेळी नक्की वटेल' असे म्हणत व्यापारी नेमके हे ३० दिवस घालवतो. धनादेशाच्या मुदतीत तो पुन्हा भरता येतो हे खरे, पण त्यावर विसंबून राहू नये. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या भीतीने बरीच प्रकरणे तडजोडीत मिटतात.

धनादेश नसेल तर दिवाणी दावा. मुदत तीन वर्षे. माल दिल्याच्या तारखेपासून, आणि उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून मोजतात. तीन वर्षे संपण्यापूर्वी व्यापाऱ्याने बाकी असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. नुसत्या तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही.

पोलिसांत जावे का? पैसे देणे लांबले, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सौदा करतानाच पैसे न देण्याचा हेतू होता, हे दिसले पाहिजे. खोटे नाव-पत्ता, बनावट फर्म, एकाच आठवड्यात दहा-बारा शेतकऱ्यांचा माल उचलून फोन बंद, अशा खुणा असतील तर सर्वांनी मिळून एकत्र तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून पूर्वीच्या ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू आहे.

कंपनीशी करार शेती करताना काय पाहावे?

केंद्राचा २०२० चा करार शेती कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात मात्र बाजार समिती कायद्यातच २००६ पासून करार शेतीची तरतूद आहे. चिप्सचा बटाटा असो, भाजीपाल्याचे बिजोत्पादन असो की ब्रॉयलर कोंबडी, करारावर सही करण्यापूर्वी एकच पान नीट वाचायला वेळ असेल, तर माल नाकारण्याची अट वाचावी. दर सगळेच वाचतात. 'प्रत समाधानकारक नसल्यास' माल नाकारता येईल असे लिहिले असेल, तर समाधान कोणाचे, तपासणी कोठे, तुमच्या समोर की कंपनीच्या गोदामात, आणि नाकारलेला माल परत आणण्याचे भाडे कोणाचे? हे लिहिलेले नसेल तर बाजारभाव पडला की प्रत आपोआप पडते.

'माल उचलल्यापासून सात दिवसांत तक्रार न केल्यास सर्व हक्क संपतील' अशी अटही दिसते. कायद्याने दिलेली दाद मागण्याची मुदत कराराने कमी करता येत नाही. अशी अट करार कायद्याच्या कलम २८ नुसार तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. तरीही सात दिवसांत एक पत्र पाठवून द्यावे. चाळीस-पन्नास रुपयांच्या स्पीड पोस्टाने पुढचा वाद टळत असेल तर तो खर्च करावा.

कराराची सही झालेली प्रत त्याच दिवशी हातात घ्यावी. 'मुंबईहून सही होऊन येईल' असे सांगून नेलेली प्रत बियाणे पेरून, पीक येऊन, माल नाकारला जाईपर्यंत आलेली नसते.